तानूबाईचा बेटावरचा पावणा

अवसरी बुद्रुकच्या आमच्या तानूबाईला जाऊन आता महिना व्हत आला. दहाव्याला माणसं लई आली. आन् जेवताना जी कुजबूज चालली व्हती ती कानावर आलीच. तानूबाई शेवटाला हाताची आखडली म्हणं. आधी कशी वाढायची, आन् शेवटी कसं व्हतं, ताटात एकदा पडलं की पुन्हा विचारणं न्हाई. कुणी म्हणलं सून आल्यावर असंच व्हतं. कुणी म्हणलं म्हातारपणी माणूस चिकट व्हतं. ते तसं न्हाई. काय झालं ते घरातल्या चार माणसांनाच ठावं हाय, म्हणून सांगायचं.

तानूबाई मेंढक्याच्या घरातली. लगीन झालं तेबी मेंढक्याच्याच घरात, बिरदेवाशी. नव्वद सालापस्तोर, त्याच्या पुढंबी दोन-चार वर्सं, दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको मेंढरं घेऊन घाट उतरायची आन् पावसाच्या तोंडाला माघारी यायची. घोड्याच्या पाठीवर तिचं सगळं घर. परातीत पोरगं, पोराच्या उशाला पीठ. रानात तीन दगड मांडले की चूल. आन् त्या तीन दगडांवरबी ती पावण्याला सोडायची न्हाई. तळावरनं कुणी का जाईना, वाटसरू, तलाठी, चुकलेला गुराखी, बस म्हणायची. पावण्यानं पुरं म्हणून ताटावर आडवा हात धरला की ही तो हात बाजूला सारून वाढायची. आपल्याकडं रीतच हाय, पहिलं नको म्हंजे लाज, दुसरं नको म्हंजे मान, तिसऱ्याला कुठं खरं नको. तानूबाई तर तिसरंबी धरायची न्हाई. तिच्या लेकीचा सासरा गेणभाऊ म्हणायचा, "हिच्या घरनं माणूस पोट भरून न्हाई, पोट धरून निघतंय." ती हसायची आन् त्याला अजून एक भाकरी टाकायची.

पुढं रानं कमी झाली, द्राक्षं आली, ऊस आला, कुणी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेईना. बिरदेवानं मेंढरांचं खांड विकलं. पंधरा-वीस मेंढरं तेवढी गोठ्याला ठेवली, सवय मोडत न्हाई म्हणून. पोरगा दादाभाऊ गाडी शिकला आन् पुण्याला एका ट्रॅव्हलवाल्याकडं लागला.

दोन हजार आठच्या दसऱ्यानंतर बालेवाडीला परदेशी पोरांच्या मोठ्या स्पर्धा भरल्या. पळायच्या, पोहायच्या, कुस्तीच्या, वजन उचलायच्या. देश लई आलेले. मोठ्या देशांना बसगाड्या, आन् बारक्या देशांना बारक्या गाड्या. दादाभाऊच्या वाट्याला कुठल्यातरी समुद्राच्या मधलं एक बेट आलं. सगळं बेट म्हंजे तिघं. एक त्यांचे गुरुजी, वयस्कर, जाडजूड, गळ्यात शिट्टी. एक पळणारी पोरगी. आन् एक वजन उचलणारा पोरगा, तेबा त्याचं नाव. त्याच्या देशाकडनं उचलणारा तो एकटाच. त्या देशाचं नाव तानूबाईला कधी नीट घेता आलं न्हाई. ती म्हणायची, पाण्यातलं गाव.

दादाभाऊचं आन् त्यांचं सूत जुळलं. त्याचं इंग्लिश मोडकं, त्यांचंबी काही लई भारी नव्हतं, म्हणून जुळलं. गुरुजींना गाव बघायचं व्हतं. हापिसातनं परवानगी काढली आन् मोकळ्या दिवशी दुपारपुरतं अवसरीला यायचं ठरलं. आदल्या दिवशी दादाभाऊनं घरी फोन केला.

"आई, उद्या पावणं आणतोय. तिघं हायेत. त्यातल्या पोराकडं जरा बघ. परवा त्याचं वजन हाय."

"वजन म्हंजे रं?"

"काट्यावर उभं करत्यात त्यास्नी. मग उचलायला लावत्यात. जपून बरं का."

तेवढ्यात त्याला गाडी काढायला बोलवलं आन् फोन ठेवला. त्याला वाटलं आपण सांगितलं. आता इथंच सगळी गोम. उचलणाऱ्या पोरांचे अंगाच्या वजनावर गट असत्यात, आन् गटापेक्षा भार जास्त भरला की उचलायला उभं करत न्हाईत, हे दादाभाऊला ठावं व्हतं. तेबा दोन दिस झाले पाण्याचा घोट मोजून घेत व्हता, हेबी त्यानं डोळ्यानं बघितलेलं.

तानूबाईला काटा ठावा व्हता तो एकच. व्यापारी दारात येऊन टांगायचा तो. मेंढरं इकायची असली की आदल्या सांजेला मिठाचा खडा चाटवायचा. मीठ लागलं की मेंढरू पाणी पितं. सकाळी पोटभर चारायचं, वर पाणी दाखवायचं, मग काट्यावर चढवायचं. चांगलं भरतं. सगळेच करत्यात, व्यापाऱ्यालाबी ठावं असतं. कमी भरलं तर मालकाची मान खाली. तिनं मनाशी धरलं, परक्या मुलखातलं लेकरू, काट्यावर कमी भरलं तर चारचौघांत लाज जायची. बिरदेवाला म्हणली, कोकरू काप.

पावणं आले. गल्ली सगळी गोळा झाली. पोरगी हसरी, आल्या आल्या गोठ्यातलं एक कोकरू उचलून घेतलं. तेबा मातूर गप. खांदे रुंद, पण गालफडं बसलेली आन् ओठ फुटलेले. तानूबाईनं त्याला बघितलं.

"आगं बया, तोंड पार सुकलंय पोराचं. ह्यो काय उचलतोय."

गुरुजींनी जन्मात मेंढरू बघितलं नव्हतं. बिरदेव त्यांना गोठ्यात घेऊन गेला, मेंढ्याची शिंगं हातात धरायला दिली, आन् दोघं म्हातारे एकमेकांची भाषा येत नसताना तिथंच रमले. दादाभाऊ गाडीभवती चढणाऱ्या पोरांना हाकलत व्हता. सून तवा अजून आली नव्हती, घरात राहिली तानूबाई आन् ती दोन लेकरं. तिनं पाट टाकले. नव्या बाजरीची भाकरी, कोकराचा रस्सा, भात. पोरीच्या वाटीत रस्सा सगळ्यांसारखा. तेबाच्या वाटीत तिनं वरनं मीठ सोडलं, जरा जास्तच. आन् शेजारी ताकाचा तांब्या, त्यातबी मीठ.

तेबानं पोटावर हात ठेवला, मान हलवली. ताटावर आडवा हात धरला. तिनं तो बाजूला सारला. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा सारला. ती म्हणत व्हती, "लाजू नको लेका. खा. उद्या काट्यावर कमी भरू नको." शेवटाला पोरगं मान खाली घालून खायला लागलं. त्यांच्या मुलखातबी थोराचा हात माघारी लावत न्हाईत, हे दादाभाऊला मागनं गुरुजींकडनं कळलं. एका भाकरीच्या तीन झाल्या. मीठ लागलं तसा तो ताक प्याला, मग पाणी मागायला लागला. त्यानं पाणी मागितलं ह्याचा तानूबाईला कोण आनंद. दुसरा तांब्या भरून आणला.

गुरुजी आत आले तवा ताट पुसलेलं आन् तांब्या आडवा. ते दारातच थांबले. तेबाला कायतरी हळू विचारलं. त्यानं तानूबाईकडं बघून एकच शब्द सांगितला, मदर. गुरुजींनी क्षणभर डोळं मिटलं, मग तानूबाईपुढं वाकले, खाली बसले आन् जेवले. एक शब्द वाकडा बोलले न्हाईत. निघताना तानूबाईनं पोरीला हळदीकुंकू लावलं, आन् आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं नवं घोंगडं तेबाच्या खांद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालेवाडीला तेबा काट्यावर उभा राहिला आन् जास्त भरला. वेळ सरायच्या आत भार उतरवून पुन्हा उभं राहायची मुभा असती. तेबा पळत आला आन् गाडीत बसला. काचा बंद, हीटर चालू, वर आक्टोबरचं ऊन, आन् अंगावर तेच घोंगडं डोक्यापस्तोर ओढलेलं. दादाभाऊ पुढं बसून घामानं निथळत व्हता. मागं पोरगं बाटलीत थुंकत व्हतं, अंगातलं तेवढंतरी पाणी जावं म्हणून. बाहेर गुरुजी उन्हात उभे, हातातल्या घड्याळाकडं बघत. पुन्हा काट्यावर गेला. तरी दोन वाट्या पाण्याएवढं जास्तच. वरच्या गटात त्याचं नाव नव्हतं. उचलायला उभं केलं न्हाई.

तेबा माघारी आला. घोंगड्याची चौकोनी घडी घातली, मांडीवर ठेवली. रडला न्हाई. गाडी क्रीडानगरीच्या दारात थांबली तवा पुढं वाकला, तोंडावर बोट ठेवलं आन् दादाभाऊला म्हणला, "मदर. नो टेल."

म्हणून दादाभाऊनं सांगितलं न्हाई. घरी आला तवा तानूबाईनं आधी तेच विचारलं.

"काट्यावर भरला का रं चांगला?"

"भरला."

"आन् उचललं?"

"उचललं, आई."

त्या हिवाळ्यात तानूबाईएवढं सुखी माणूस अवसरीत नव्हतं. पाण्यातल्या गावच्या पोरानं माझ्या भाकरीवर उचललं, हे तिनं विहिरीवर सांगितलं, गिरणीत सांगितलं, मंचरच्या बाजारात भाजीवाल्याला सांगितलं. दादाभाऊ तिथं असला की उठून बाहेर जायचा. तिला वाटायचं, पोरगं लाजतंय.

चैतात गावची जत्रा. घरी पंगत बसलेली, तानूबाई वाढत व्हती. पंगतीत सावळेराम व्हता. त्याचीबी गाडी तवा बालेवाडीला लागलेली, दुसऱ्या कुठल्या देशाला. तानूबाईनं त्याचा हात सारून रश्श्याचा डाव उचलला, आन् तो हसत म्हणला, "आत्या, पुरं कर राव. त्या बेटावरल्या पोरासारखं मलाबी काट्यावरनं खाली उतरवतीस का काय."

पंगतीतली दोघं-तिघं हसली. सावळेरामला वाटलं घरात ठावं असंल. तानूबाईच्या हातात डाव तसाच. मग तिनं तो पातेल्यात ठेवला, नव्या सुनेला वाढ म्हणली आन् गोठ्याकडं गेली. दादाभाऊ मागं गेला. तिथं मेंढरांत उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. गाडीतलं सांगितलं, घोंगडं सांगितलं, तोंडावरचं बोटबी सांगितलं. 

"मी मीठ घातलं रं त्याला," ती म्हणली. "मेंढरागत."

दादाभाऊ म्हणला, चूक माझी, मी फोनवर अर्धंच बोललो. बिरदेव म्हणला, तुझ्या मनात काय वाईट व्हतं का. 

त्या दिसापासनं तिचा हात थांबला. पावणं यायचे, बसायचे. पावणा रीतीनं पुरं म्हणायचा, आन् तानूबाई डाव माघारी घ्यायची. "पुरं का? बरं." माणूस तोंडाकडं बघत राहायचं. आग्रहाची वाट बघत अर्धपोटी बसायचं आन् तसंच उठायचं. गेणभाऊ तर रागानं गेला. घरी जाऊन सुनेला, म्हंजे तानूबाईच्याच लेकीला म्हणला, तुझ्या आईच्या दारात आता मान राहिला न्हाई. तेबी तिच्या कानावर आलं. पण ती कुणाला सांगायला गेली न्हाई. सुनेनं एकदा म्हणून बघितलं, आत्याबाई, एकदा तरी घ्या घ्या म्हणा, माणसं नावं ठेवत्यात. तर म्हणली, ठेवू दे. नको म्हणणाऱ्याचं खरं का खोटं मला कळत न्हाई, हे कळलंय.

पण तिच्या मनातनं पोरगं जाईना. दादाभाऊच्या मागं लागली, त्यास्नी फोन लाव. गुरुजींनी जाताना एक कार्ड दिलं व्हतं, त्याच्यावर नंबर. एका सकाळी मोबाइलमधी बॅलन्स टाकून दादाभाऊनं लावला. तीन-चारदा न्हाई लागला, मग लागला. पलीकडनं गुरुजींचाच आवाज. दादाभाऊचं नाव ऐकून ते हसले तेबी इकडं ऐकू आलं. दादाभाऊनं तेबाचं विचारलं. गुरुजी म्हणले, शिप. पुन्हा म्हणले, शिप, फिश. तेवढं त्याला कळलं. पोरानं उचलायचं सोडलं व्हतं आन् मासेमारीच्या जहाजावर गेलं व्हतं.

तानूबाईनं हात पुढं केला. दादाभाऊनं फोन दिला. फोन कानाला कसा लावायचा हे तिला माहीत व्हतं, पण त्या दिवशी तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"गुरुजी, मी तानूबाई. मला काट्याचं ठावं नव्हतं. आमच्यात भरल्यालं चांगलं असतं हो. त्याला सांगा, म्हातारीनं मुद्दाम न्हाई केलं. त्याचं एवढं लांबनं येणं मी मातीत घातलं. सांगाल ना त्याला."

 गुरुजी ऐकत व्हते एवढं खरं, श्वास ऐकू येत व्हता. ती बोलत राहिली. मग फोनात टूं टूं झालं. बॅलन्स संपला.

तिनं फोन माघारी दिला. "कळलं का रं त्यांना?"

दादाभाऊला हो म्हणता आलं असतं. एकदा म्हणला व्हताच.

"न्हाई, आई. त्यांना मराठी कुठनं कळणार. नुसते ऐकत व्हते."

तिनं ते कार्ड पुन्हा त्याच्यापुढं सारलं. मग म्हणली, "पुन्हा लाव. ह्या बारीला तू सांग."

त्यानं दुसऱ्या दिवशी लावला, पुढच्या आठवड्यात लावला. नंबर लागंना. पाऊस झाला, पोळा झाला, आन् यंदाच्या दसऱ्यानंतर तानूबाईला ताप भरला तो उतरलाच न्हाई. बोलायची बंद व्हायच्या आधी दादाभाऊला दोनदा विचारलं, लागला का. तो न्हाई म्हणला.

अजून तो अधूनमधून लावतो. सून म्हणती, लागला तर काय सांगाल. मदर नो मोर, एवढं त्याला इंग्लिशमधी सांगता येतंय. बाकीचं येत न्हाई.