सख्ख्या भावाचा फॉर्म

धाकटीचं काम ऐकून लोक हसायचे. दारोदार फिरायचं आणि आपला मुलूख सोडून इथं येऊन राहिलेल्या आपल्याच माणसांना पन्नास प्रश्न विचारायचे. राग आला तर कुणाला सांगता? मागच्या महिन्यात किती वेळा रडलात? घरच्यांशी जवळीक किती, एक ते सातमध्ये सांगा. पण हिला लोक सांगायचे. जिथं बाकीच्यांच्या तोंडावर दार लागायचं, तिथं हिला खुर्ची मिळायची. थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्तीवाला. तो छाती काढून सांगायचा, "मी लिफ्ट उघडतो, आमची धाकटी माणसं उघडते!"

सहा महिने नीट केलं की नोकरी पक्की, असं सर्वेच्या ऑफिसातल्या बाईंनी कबूल केलं होतं. पाच झाले होते.

आणि कॉम्प्युटरने निवडलेल्या घरांत थोरल्याचंच घर आलं. नात्यातलं घर आलं तर फॉर्म दुसऱ्याला द्यायचा, असा नियम. धाकटीने तसं सांगितलं.

"सख्खी बहीण असताना मी परक्या पोरीपुढे बसू? बस इथं. विचार."

"दादा, चालत नाही तसं."

"कोण बघतंय?"

वहिनी आतून ओरडली, "विचारून टाक बाई एकदाचं, नाहीतर हे जेवायला उठायचे नाहीत."

बारा मिनिटांत फॉर्म उरकत आला.

"अडचणीत कुणाकडे जाता?"

"लोक माझ्याकडे येतात. लिही."

"घरच्यांशी जवळीक?"

"सात. आठ असेल तर आठ."

"मागच्या वर्षात जवळचं कुणी गेलं का?"

वडील गेले होते. दोघांचेही. पण प्रश्न गाळायचा नसतो, म्हणून तिने तो वाचला.

"गेलं."

"तेव्हा काय वाटलं?"

थोरला आठवू लागला. फोन आला तेव्हा तो अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसला होता. फोन खिशात घातला, राहिलेले दोन नट आवळले, खाली येऊन डबा खाल्ला. भाजी अळणी होती. बाकी काही आठवेना.

"काही नाही वाटलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि तुला गं?"

"मला विचारायचं नसतं, दादा. पुढचा प्रश्न."

दहातल्या एका घरी ऑफिसातून खात्रीचा फोन जातो. तो नेमका थोरल्याला आला. आमची मुलगी आली होती का, प्रश्न नीट विचारले का?

"नीट? अहो, माझी सख्खी बहीण आहे ती! तिच्यासारखं विचारणारं तुमच्याकडे दुसरं कुणी असेल तर दाखवा!"

फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "पक्की झाली समज."

सोमवारी धाकटीचं ओळखपत्र काढून घेतलं. तिचे त्या महिन्याचे सगळे फॉर्म रद्द झाले.

थोरला अर्धी रजा टाकून ऑफिसात गेला. टेबलावर हात आपटून बोलला, मग हात जोडून बोलला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काम चांगलंच होतं हो तिचं. पण आता तिच्या कुठल्या फॉर्मवर विश्वास ठेवू?"

तो बाहेर आला. धाकटी बाकावर बसली होती.

"काय म्हणाल्या?"

"काम चांगलं होतं म्हणाल्या."

"बरं."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली, त्याला बसायला जागा केली. तो बसला. लाज वाटायला हवी होती. ती कुठं वाटते, पोटात की छातीत, हे शोधत तो बसून राहिला. कुठंच काही नव्हतं.

"तुझा फॉर्म परत भरणार आहेत," ती म्हणाली. "गुरुवारी दुसरी मुलगी येईल. घरी थांब."

"थांबतो."

"आणि तिला घाईघाईने उत्तरं देऊ नकोस."

गुरुवारी थोरल्याने कामावर कळवलं, आज जमणार नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळपासूनच दाराशी खुर्ची टाकून बसला.