खामकरांनी न प्यालेलं पाणी

कुठल्याही रानात पाऊल टाकलं की खामकरांना तहान लागायची. पावसाळ्यात लागायची, थंडीत लागायची, पाच मिनिटांपूर्वी टपरीवर चहा झालेला असला तरी लागायची. बांधावर चपला काढायच्या, मालकाला हाक मारायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पानी हाय का वो?" मग तांब्या वर धरून घटाघटा प्यायचे, मिशा पुसायचे, खिशातून बोटभर पेन्सिल काढायचे आणि वहीत लिहायचे: बागायत. मी एकदा म्हटलं, "अहो खामकर, पिकं दिसतातच की डोळ्यांना, पाणी कशाला प्यायला हवं?" तर म्हणाले, "पीक काय, आज हाय, उद्या काढत्याल. पानी प्यालो म्हंजी लिहिलं. ज्याचं पानी पोटात गेलं, त्या रानाला पडीक कोन म्हनंल?"

आमचं तालुक्याचं गाव, नगरच्या दक्षिणेकडचं. नाव सांगत नाही, सगळी माणसं ओळखीची आहेत. गाव चहूबाजूंनी फुगत चाललं होतं, आणि पुढे कुठे घरं होऊ द्यायची, कुठे शेती राखायची याचा नकाशा नगरपंचायतीला करायचा होता. नकाशात हिरवं म्हणजे शेती, तिथे बांधकाम नाही. पिवळं म्हणजे घरं. त्याआधी जमिनीच्या प्रत्येक गटात जाऊन आज तिथे काय आहे ते लिहून आणायचं काम खामकरांचं. ते आरेखक, मी कारकून. ते लिहायचे, मी टेप धरायचो. शेवटचा नकाशा कॉम्प्युटरवर व्हायचा, तरी खामकर स्वतःची एक प्रत रंगीत पेन्सिलींनी रंगवायचेच. त्यांच्या डब्यात एका पिवळ्या पेन्सिलीमागे पाच हिरव्या झिजलेल्या असायच्या.

घरांना त्यांचा विरोध होता असं मात्र कुणी समजू नये. "घरं पायजेतच की! मी काय झाडावर ऱ्हातो का?" म्हणायचे. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता, कुसळंसुद्धा नीट उगवत नसत. साहेब आले की खामकर त्यांना हटकून तिकडे न्यायचे. "हितं बांधा. हवा बगा की कशी लई भारी हाय!" पण माळावर नळ नव्हता, रस्ता नव्हता. लोकांना ओढ्याकाठची काळी जमीनच हवी होती, कारण ती बाजारपेठेपासून चालत जाण्याइतकी जवळ. खामकर म्हणायचे, "कागुद रंगवायला पाच मिन्टं लागत्यात वो. ते रान तसं व्हायला आज्या-पंज्यांची हाडं झिजल्यात."

स्वतः मूळचे खर्ड्याकडचे. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, मूलबाळ नाही. एस.टी. स्टँडमागे एका खोलीत राहायचे, डबा खानावळीचा. सुट्टीच्या दिवशीही कार्यालय उघडून बसायचे, कारण खोलीवर बोलायला माणूस नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी मात्र आमच्याकडे यायचे. आम्ही तेव्हा पिठाच्या गिरणीला लागून भाड्याने राहत होतो. दारात आले की आधी हिच्या हातचं पाणी, मग पिठलं-भाकरी, मग ताटावरून उठल्यावर दोन तास गप्पा. हिला दम्याचा त्रास. गिरणी चालू झाली की पीठ उडायचं आणि ही खोकून खोकून निळी पडायची. खामकरांचा घास हातात राहायचा. "कुलकर्णी, वहिनींना हितनं हलवा," असं तेच मला दर रविवारी सांगायचे.

तर मी हलवायचं ठरवलं. ओढ्याकाठी गेणूबाबांनी आपलं अर्धं रान विकायला काढलं होतं. त्यांची मुलं चाकणला लागली होती, करणार कोण? त्यातले दोन गुंठे मी घेतले. सगळेच घेत होते, मीही घेतले. पण तो गट हिरव्यात राहिला तर घर बांधायची परवानगी मिळणार नव्हती. पाहणी त्याच गटात यायची होती, त्याच्या आदल्या रविवारी मी खामकरांना म्हटलं, "उद्या गेणूबाबांचं रान आहे." ते म्हणाले, "मला म्हाईत हाय." मी म्हटलं, "माझी जागा त्यात आहे." ते म्हणाले, "त्ये बी म्हाईत हाय." पुढे मी काही बोललो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी बोललो. "एवढं एक माझ्यासाठी बघा," म्हणालो. आत ही खोकत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. गेणूबाबांच्या राहिलेल्या रानात विहिरीच्या कडेने जनावरांचा घास हिरवागार उभा होता आणि पलीकडे कांदा. खामकरांनी बांधावर चपला काढल्या, पण हाक मारली नाही. गेणूबाबाच आपणहून तांब्या घेऊन आले. "घ्या सायेब. आत्ता काढलंय, गार हाय."

खामकर म्हणाले, "तहान न्हाई."

"आवं, एवढ्या उन्हात?"

"न्हाई म्हनलं ना बाबा."

गेणूबाबांनी तांब्या माझ्यापुढे केला. मी प्यालो. आता सांगायलाही लाज वाटते, पण अख्खा तांब्या रिकामा केला. खामकर आमच्याकडे पाठ करून बांधावर बसले आणि वहीत लिहिलं: पडीक. परतताना टपरीपाशी थांबले आणि माठातलं पाणी एकापाठोपाठ तीन ग्लास प्यायले. माझ्याकडे बघितलं नाही.

गट पिवळ्यात गेला. कुणी हरकत घेतली नाही, कोण घेणार? गेणूबाबांना उरलेल्या रानालाही भाव आला, मला घर मिळालं, आणि खरं सांगतो, हिचा खोकला सहा महिन्यांत थांबला. वास्तुशांतीला खामकर आले. हिच्या हातात साडी ठेवली, भिंतींवरून हात फिरवला, "बांधकाम बेस हाय," म्हणाले. हिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "वहिनी, आज उपास हाय." पाण्याचा कसला आलाय उपास! ही हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतरचे रविवार सुने गेले. खामकर कधी आले नाहीत. कार्यालयात विचारायचे, "वहिनींचा दम कसा हाय?" बरा आहे म्हटलं की मनापासून मान हलवायचे. एकदा मीच चिडून विचारलं, "खामकर, माझं काय चुकलं ते तरी सांगा! कुणाचं वाईट झालं त्यात?" तर शांतपणे म्हणाले, "कुनाचंच न्हाई. समद्यांचं भलं झालं. येक रान तेवढं गेलं." पुढे ओढ्याच्या खालच्या अंगाचे गट आले तेव्हा किती जण किती परींनी त्यांना भेटून गेले! खामकर प्रत्येक रानात दोन-दोन तांबे पाणी प्यायले. तो पट्टा अजून हिरवा आहे.

निवृत्त झाल्यावर ते त्याच खोलीत राहिले. मी अधूनमधून जायचो, पण पूर्वीचं बोलणं राहिलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांना नगरला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. गेलो. पलंगाशी कुणी नव्हतं. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत, तर म्हणाले, "कुलकर्णी, येक इचारू का? गेनूबाच्या हिरीचं पानी कसं हुतं वो?"

इतक्या वर्षांनी! मी गडबडलो. या माणसाला जाता जाता थोडं बरं वाटावं म्हणून की स्वतःला वाटावं म्हणून, देव जाणे, मी म्हणालो, "मचूळ होतं. काही खास नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "आता तुमी बी चुकीची नोंद कराया लागला," म्हणाले. मग भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेले. स्मशानात खर्ड्याहून आलेला एक पुतण्या आणि मी, एवढेच आम्ही दोघं.

गेणूबाबांची विहीर केव्हाच मुरूम टाकून बुजवली, तिच्यावर आता कुणाचं तरी पार्किंग आहे. आमच्याकडे सकाळी पाण्याचे जार येतात. संध्याकाळी मी एकटाच ओढ्याच्या कडेने फिरत खालच्या अंगाला जातो. परवा एका रानाच्या बांधावर चपला काढल्या आणि विचारलं, "पाणी आहे का हो?" तिथल्या बाईंनी तांब्या आणून दिला. चांगलं होतं पाणी, थंड होतं. पण गेणूबाबांच्या विहिरीचं याच्याहून गोड होतं. खामकरांना हे मी सांगितलं नाही.