घरी आला की बंद पडणारा कॉम्प्युटर

माझं कोणी खरं मानलं नाही. पोटच्या मुलीनेसुद्धा नाही. कॉम्प्युटर घरी आला की बंद पडतो, हे मी घसा फोडून सांगत होते आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी भूत बघितलंय. ऐका, आणि मग हसा पोटभर. मला फरक पडत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण घरात कॉम्प्युटर होता, हो! आमच्या ह्यांनी कुवेतहून पैसे धाडून रुबीनासाठी घेतलेला. ती कॉम्प्युटरच्या कोर्सला. शेवटच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर जुन्या मशीनवर चालेना, म्हणून स्टँडासमोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या सचिनने नवा प्रोसेसर बसवला. मशीनला तो ओळखता यावा म्हणून बायोसही नवा भरला. बायोस म्हणजे काय? सुरू होताना मशीन आधी ज्याला विचारतं, तो. एवढं मलाही कळलं.

दुकानात झकास चालला. घरी रुबीनाने नेहमीच्या जागी टेबलाखाली सरकवला, बटण दाबलं. विंडोजचं चित्र दिसलं, जरा काम केलं, आणि फट्! बंद. परत दाबलं तर नुसतं पीं पीं. पडदा काळा.

प्रोजेक्ट सोमवारी दाखवायचा, नाहीतर वर्ष गेलं. पोर रडायला लागली. मी मशीन मांडीवर घेऊन रिक्षात.

सचिनने बटण दाबलं. चालू!

"चाची, ह्याला काही झालेलं नाही."

"मग मी काय रिक्षाची हौस फेडायला आले?"

त्याने रॅम काढून खोडरबराने घासली. आतली बॅटरी काढून परत बसवली. बायोस पुन्हा भरला. घरी नेला. फट्. पीं पीं.

तिसऱ्या खेपेला मी त्याच्या दुकानाच्या दारातच उभी राहिले. बसलेली गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. बघू देत!

"ज्याच्यामुळे हा बिघडला ना, त्याचं नाव तुझ्या ह्या फळ्यावर खडूने लिहायला लावीन! येणारा-जाणारा वाचेल!"

"लिहू चाची. आधी उद्या घरी येऊन बघतो."

घरी माणूस येणार म्हटल्यावर मी आवराआवर केली. टेबलाखाली हापूसची अढी लावलेली, ती पेंढ्यासकट उचलून आतल्या खोलीत ठेवली. पिकलेला आंबा दिसला की द्यावा लागतो. ह्याला कसला आंबा? ह्याला शिव्या द्यायच्या होत्या.

सचिन तासभर बसला. कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला.

रुबीना म्हणाली, "अम्मी, तू कसली बटणं तर दाबत नाहीस ना?"

बघा! आळ माझ्यावर!

तो उठला. मी अढी जागच्या जागी लावली. रुबीना कामाला बसली. फट्.

मी ओरडतच दारात. सचिन अजून फाटकात स्कूटरला किक मारत होता, तीही सुरू होत नव्हती.

"ये! आता ये! बघ डोळ्यांनी!"

आला. टेबलाखाली वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

"चाची, हे काय?"

"काय म्हणजे? अढी."

"कॉम्प्युटरला चिकटून?"

"मग कुठे? ह्याच्या पाठीतून गरम वारा येतो. त्या उबेत आंबे एकसारखे पिकतात. दर मोसमात तिथेच लावते मी. आणि हा नवा प्रोसेसर आल्यापासून तर आणखी लवकर तयार होतात!"

सचिन जमिनीवरच बसला. "जुना कमी तापायचा, त्याने सोसलं. नवा जास्त तापतो, आणि तुम्ही पेंढा कोंबून त्याचा श्वास बंद केलात. ताप चढला की मशीन बंद करायचं, असं नव्या बायोसमध्ये आहे. तो बिचारा आपलं काम करत होता."

असं म्हणून त्याने मशीनच्या पंख्यातली पेंढ्याची एक काडी ओढून माझ्या हातात दिली.

रुबीनाला ती अढी रोज दिसायची, पण घरातलं कपाट दिसावं तशी. आता मात्र तिने माझ्याकडे जे बघितलं! शिव्या परवडल्या असत्या.

अढी कायमची आतल्या खोलीत गेली. सोमवारी प्रोजेक्ट दाखवला. वर्ष वाचलं.

मंगळवारी मी पिशवीभर हापूस घेऊन दुकानात गेले. माझा तमाशा बघितलेली तीच गिऱ्हाइकं बसलेली. सचिनच्या हातात खडू.

"शब्द तुमचा होता, चाची. काय नाव लिहू?"

शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, "ठळक लिही. खैरुन्निसा."