रंग पाहून अडवलं तर

दर रविवारी सिंगापुरात यिशुनमधल्या एका इंजिनिअरच्या फ्लॅटवर मी मराठी मुलांना वंशभेद, पोलीस आणि नागरिकांचे हक्क शिकवायचे. आईबाप मागे बसून ऐकायचे. एकदा मी विचारलं, "पोलिसांनी नुसता रंग पाहून अडवलं, तर काय कराल?"

त्या घरच्या मुलीनं ताडकन उत्तर दिलं, "सांगायचं, माय डॅडी इज इंजिनिअर, नॉट वर्कर लाह!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मजुराला अडवलेलं चालेल?"

तिचा बाप उसळला. "अहो मॅडम, परवा एका कॉन्डोच्या गेटवर मला डिलिव्हरीवाला समजून थांबवलं. आम्ही काय अस्पृश्य आहोत का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

चहाच्या वेळी त्याची बायको गोड हसून म्हणाली, "मॅडम, तुमचं आडनाव विचारायचं राहूनच गेलं." मी सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी सगळ्यांना नेहमीच्या कपांतून चहा आला, मला एकटीला कागदी कपातून. ट्रे घेऊन ती मुलगीच आली होती. कोणता कप कोणाला द्यायचा, हे तिला घरी नीट शिकवलं होतं.