पाजणीवरचा वर्ग

शिक्षण खात्यातल्या एका साहेबाने आमच्या नागपूरच्या गल्लीला फसवलं. आमचा चालता वर्ग त्याने काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात बाकांची इमारत दिली. त्या सौद्यात सगळ्यात जास्त बुडाली ती माझी थोरली बहीण. मी सांगलीत कापडाचं दुकान चालवतो, खोटा सौदा लांबून ओळखतो. हा सौदा आम्हाला न विचारता झाला होता, म्हणून तो अजून मला पचलेला नाही.

यंदा दसरा झाल्यावर ताईचा निरोप आला की प्रौढांचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे, येऊन जा. दुकान भाच्याच्या हाती दिलं आणि नागपूरची गाडी धरली. भुसावळ मागे पडलं तसा डब्यातला बोलण्याचा सूर बदलत गेला. बडनेऱ्याला खिडकीशी संत्री विकणारी बाई आली. मी भाव पाडायला लागलो, तर ती टोपली उचलत म्हणाली, "घ्यायचं नसंन तं मले काहून उभं करून राहिला गा?" तो आमच्या घरचा ‘मले’ ऐकला आणि मी भाव करायचं सोडलं. ती म्हणाली त्या भावाने संत्री घेतली. असं माझ्या हातून फारसं होत नाही.

नागपूर स्टेशनाबाहेर सायकलरिक्षावाल्याशी घासाघीस करता करता भांडण झालं. मी रागाने ट्रंक उचलून चालू लागलो. अर्ध्या वाटेत ट्रंकेची कडी तुटली. तोच रिक्षावाला मागून शांतपणे घंटी वाजवत आला. "बसा नं काका," तो म्हणाला, "राग उतरला असंन तं." आणि पहिल्यापेक्षा जास्त भाडं सांगितलं. बसलो.

आमची गल्ली विणकरांची. पूर्वी तिच्या तोंडाशी पोचायच्या आधीच हातमागांचा ठकठक आवाज यायचा. आता विजेच्या मागांचा खडखडाट असतो, त्यात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. ताई दारातच उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काहून गा नामा, तिकडं जेवायले भेटत नाही काय?"

जेवायला सांभारवडी होती (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात), ज्वारीची भाकरी आणि तिखटजाळ रस्सा. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवलो. हात धुताना मी वर्गाचं विचारलं. ताई भांडी गोळा करत म्हणाली, "मी नाही जात तिथी आता."

ती का जात नाही ते सांगण्याआधी पाजणी सांगायला हवी, कारण सांगलीच्या वाचकाने ती पाहिलेली नसणार. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे साडीच्या उभ्या सुतांना, खळ लावून मोठ्या कुंच्याने विंचरावं लागतं. ती पाजणी. माझ्या लहानपणी ताणा गल्लीभर लांब पसरून बांबूंच्या घोड्यांवर ताणायचे. ऊन चढलं की खळ वाळते आणि सूत तुटतं, म्हणून सगळं काम सकाळच्या गारव्यात. ज्याच्या घरची पाजणी असेल त्याच्या मदतीला सगळे शेजारी. ताण्याच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, हातात कुंचे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या खेपा.

गल्लीत एक गुरुजी राहत. ते म्हणत, तुम्हाला बसायला वेळ नाही, तर चालताना शिका. पाजणीच्या दिवशी ते कोळसा घेऊन यायचे आणि चुन्याच्या भिंतींवर एका दारापाशी एक शब्द लिहायचे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाक्य व्हायचं. कुंचा फिरवत जाताना ते वाचायचं. परत येताना तेच शब्द उलटे लागायचे, ‘गेली सासरी चंद्री’, आणि सगळे हसायचे. दर पाजणीला जुनं पुसून वाक्य नवं. गुरुजी गल्लीतल्याच गोष्टी लिहायचे. कोणाची शेळी हरवली, कोणी मागाचा धोटा मोडला, कोणाचा जावई रुसला. बातमी कळावी म्हणून माणसं वाचायची. ताई तर पहिल्याच खेपेत वाचून पुढच्या बाईला सांगायची आणि गुरुजी तिला दटावायचे, "शांता, दुसऱ्यांना वाचू दे." दिवाळीला भिंतींना चुना लागला की पाटी पुरती कोरी.

बायकांच्या शिकण्याला कोणी हरकत घेतली नाही. त्या कामावर होत्या, आणि मध्ये ताणा होता. आमचे बाबा फार कडक होते, पण तेही समोरच्या अंगाने चालताना ताईला म्हणायचे, "तो लांबलचक शब्द काय होय वं?"

मग साहेब तपासणीला आले. कोट, बूट, बरोबर शिपाई. खळीचे शिंतोडे चुकवत ते गल्लीतून गेले. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून त्यांनी पुस्तक हाती दिलं आणि एकेकाला वाचायला सांगितलं. आमच्या माणसांना बसून वाचायची सवयच नव्हती. शब्द दाराएवढा मोठा आणि चालत्या पायांबरोबर येणारा, हेच ठाऊक. मांडीवरच्या बारीक ओळी पाहून सगळे अडखळले. ताई एक ओळ सोडून भलतीच वाचू लागली. साहेब गुरुजींना म्हणाले, "हा वर्ग नव्हे, हा बाजार आहे." दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत खोली मिळाली, बाकं आली, संध्याकाळची वेळ ठरली. भिंतींवर लिहायला बंदी झाली.

संध्याकाळी बायकांची चूल असते आणि उद्याच्या विणकामासाठी कांड्यांवर सूत भरायचं असतं. आणि तिथे मध्ये ताणा नव्हता. बाबा ताईला म्हणाले, "चार माणसांत बाकावर बसशीन काय?" पुरुष थोडे दिवस गेले, मग तेही थांबले. खोलीला कुलूप लागलं. साहेब भाषणात बोलले की विणकरांना शिकायची हौसच नाही. ते वाक्य आमच्या गल्लीत पोचलं आणि अजून तिथेच आहे.

ताई आता विणकरांच्या सोसायटीत कांड्या भरण्याच्या खात्यात काम करते. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी तिच्यावर मुकादम होऊन गेल्या, कारण मुकादमीला शाळेचा दाखला नाहीतर प्रौढांची परीक्षा पास लागते. ती जागा आता पुन्हा रिकामी होणार आहे. म्हणून ती वर्गात गेली. त्याच इमारतीत, त्याच बाकावर, संध्याकाळीच. नव्या मॅडमनी पुस्तक दिलं आणि ताई पुन्हा ओळ सोडून वाचू लागली. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्हाला अ आ पासून सुरुवात करावी लागेल."

"अ आ पासून," ताई मला म्हणाली. "चंद्रीच्या नातीसंगं." चंद्री म्हणजे तीच, सासरी गेलेली; तिची अ आ गिरवणारी नात आता आमच्याच गल्लीत राहते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना गाठलं. वयाने लहान, पण कान देऊन ऐकणारी बाई. तिने सांगितलं की परीक्षा कशी घ्यायची ते एक समिती ठरवते, आणि समितीचे सल्लागार आहेत ते निवृत्त झालेले जुने साहेब. नाव ऐकलं आणि माझं डोकं तापलं. तसाच धरमपेठेतल्या त्यांच्या घरी गेलो.

साहेब बागेत खुर्ची टाकून बसले होते. केस पांढरे, बोलणं मऊ. चहा मागवला. मी उभाच राहिलो.

"वर्ग मी बंद केला नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला छप्पर दिलं. येणारे आले नाहीत."

"बाया संध्याकाळी कशा येतीन साहेब?" माझी जुनी बोली तोंडात आली. "चूल कोण पेटवंन? तुम्ही?"

"ही अडचण मला कोणी सांगितली नव्हती."

"तुम्ही विचारली नव्हती."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "आणि ते चालत वाचणं, ते वाचन नव्हे हो. ती घोकंपट्टी. एकाने म्हटलं की मागचे म्हणतात. भिंतीवरचं पाठ होतं माणसाला."

"दर पाजणीला वाक्य नवं असायचं."

"त्याचा पुरावा?"

मी म्हटलं, उद्या सकाळी या. आमच्या गल्लीत विठोबा म्हातारा अजून हाताने पाजणी करतो. वाक्य मॅडम लिहितील, त्यांच्या मनातलं. ताई वाचेल. वाचलं तर तिची परीक्षा उभ्याने, चालत घ्या. नाही वाचलं तर मी तुमच्या या बागेत येऊन सगळ्यांसमोर माफी मागतो. आयुष्यभर सौदे केले, याहून सरळ सौदा कधी मांडला नव्हता.

साहेब म्हणाले, "पाहू. सकाळी गुडघे दुखतात." चहा तसाच राहिला.

सकाळी विठोबाने ताणा पसरला. अर्ध्या गल्लीलासुद्धा पुरला नाही, एवढा आखूड. विजेच्या मागांचा खडखडाट अजून सुरू व्हायचा होता. खळीचा आंबूस वास आला आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. बाबा, गुरुजी, समोरच्या अंगाच्या बायकांचं हसणं, सगळं त्या वासातच होतं. विठोबा म्हणाला, "पाहून काय राहिला बे, कुंचा धर." धरला. हाताला अजून वळण होतं.

मॅडमनी आम्हा सगळ्यांना भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि कोळशाने दारोदार लिहिलं. ताई यायला तयार नव्हती. चंद्रीच्या नातीने ओढून आणली. विठोबाने दुसरा कुंचा तिच्या हातात दिला. साहेबांची वाट पाहिली. ऊन भिंतीवर उतरू लागलं, तसा विठोबा म्हणाला, "खळ तुमच्या साहेबासाठी थांबत नाही." ताई चालू लागली.

ती मोठ्याने वाचत नव्हती. नुसते ओठ हलत होते. पहिलं दार, दुसरं दार, तिसरं. ताण्याच्या टोकाला पोचली आणि कुंचा तसाच हातात धरून वळली.

"खरंच काय वं मॅडम? उद्यापासून नळाले दोन टाईम पाणी?"

गल्लीतली दारं उघडली. बाया बाहेर आल्या. एक म्हणाली, कधीपासून? दुसरी म्हणाली, कोण बोल्लं? मॅडम गोंधळून गेल्या. "नाही हो काकू, मी आपलं मनाने लिहिलं होतं."

"मनानं?" ताई चिडली. "भिंतीवर खोटं लिहीत नाही वं माय. इथी लोक वाचतात."

विठोबा इतका हसला की त्याच्या हातून सूत तुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताईच्या हातावरची खळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "काकू, अ आ पासून नाही. मी चुकले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की त्या स्वतः समितीला सांगतील, सकाळचा वर्गही गल्लीत घेऊन पाहतील, पण परीक्षेची पद्धत त्यांच्या हातात नाही. ती साहेबांच्या शब्दावर आहे.

मी निघालो तेव्हा ताईने दुरुस्त केलेल्या ट्रंकेत सांभारवडी बांधून दिली. दारात मी विचारलं, साहेबाला काही सांगायचं आहे का. तिने भिंतीकडे पाहिलं. पाण्याचं वाक्य अजून पुसलं नव्हतं.

"भांडू नको त्यायच्याशी," ती म्हणाली. "एवढंच विचार, तवा मले काहून नाही विचारलं."

गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला तीच संत्रीवाली दिसली, पण मी हाक मारली नाही. सांगलीत मी आजही वर्तमानपत्र दुकानात येरझारा घालत वाचतो. गिऱ्हाइकं हसतात. मला बसून वाचता येत नाही, आणि त्याची मला लाज नाही. लाज वाटायची तर ती दुसऱ्या कोणाला तरी वाटायला हवी.

साहेब, हा लेख तुमच्या बागेपर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी केली आहे. पुरावा मागितला होता, तो विठोबाच्या गल्लीत भिंतीवर होता आणि तुम्ही आला नाहीत. परीक्षेला अजून अवकाश आहे. गुडघे दुखत असतील तर रिक्षा मी करून देतो, रिक्षावाला मागेल त्या भाड्याने. पण तुम्ही या. ताणा पसरलेला असताना या, शांताबाईच्या समोरच्या अंगाला उभे राहा, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. मला नको, तिला द्या.