किती नर्स लागतील

कचेरीत सगळे तिला आकडेबाई म्हणत. कामगार खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला लागून असलेल्या टेबलावर ती वर्षानुवर्षं एकच काम करत आली होती. पुढे कुठल्या कामाला किती माणसं लागतील, याचा अंदाज बांधायचा. रिकाम्या जागा किती ते मालक कळवायचे, नवीन किती पास झाले ते कॉलेजं कळवायची आणि कोण कामावर, कोण घरी बसून, हे दारोदार फिरणारे पाहणीवाले. सगळं शेजारी शेजारी मांडलं की टंचाई कुठे येणार ते दिसायचं.

नर्स कमी पडणार, हे तिला असंच दिसलं. शहरात म्हातारी माणसं वाढत होती आणि जुन्या सिस्टर निवृत्तीला आल्या होत्या. तिनं ते ठासून लिहिलं. कॉलेजच्या जागा वाढल्या. शाळा संपवून बसलेल्या आपल्या एकुलत्या लेकीलाही ती म्हणाली, "नर्सिंगला जा. रिकामं बसायची पाळी यायची नाही." लेकीनं ऐकलं. मन लावून शिकली, सरकारी इस्पितळात लागली आणि दोन-तीन वर्षांत परदेशी निघून गेली.

लेकीच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आलं होतं. पण काम झालं की आई ते मिटून भिंतीला लावायची. खोली कुणीतरी यायचंय अशीच राहिली पाहिजे. नवऱ्याला थट्टेची सवय. "सगळ्यांच्या रिकाम्या जागा मोजतेस," तो म्हणायचा, "आपल्या घरात एक पद रिकामं आहे, तेही धर त्यात." ती हसायची आणि उगाच पाणी प्यायला उठायची. तिकडेही आपल्यासारखीच कुणी बाई असेल, तिला वाटायचं. तिनंही लिहिलं असेल, नर्स कमी आहेत म्हणून. तिच्या आकड्यानं माझी लेक ओढून नेली.

मग एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं. जागा वाढवूनही टंचाई जाईना. शिकलेल्या मुली जातात कुठे आणि का, हे शोधायचं ठरलं होतं. गेलेल्यांतल्या काहींना फोन करायचे. नावं संगणकानं निवडली, त्यात लेकीचं नाव निघालं. घरच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम. तिनं मुकाट्यानं ते नाव काढून दुसरं घेतलं.

फोनवर मुली बोलायच्या तेव्हा मागून कधी वाऱ्याचा आवाज यायचा, कधी किटलीचा, कधी परक्या भाषेत कुणी हाक मारायचं. प्रश्न संपले तरी ती चटकन फोन ठेवायची नाही. तिकडे थंडी आहे का, जेवलात का, असं काहीबाही विचारत राहायची.

रविवारी लेकीचा फोन आला. तिच्या मैत्रिणीला आईच्या कचेरीतून फोन गेला होता म्हणे.

"मला का नाही विचारलंस?"

आईनं नियम सांगितला.

"मग कचेरीसाठी नको. तुझ्यासाठी विचार."

आईला छापील प्रश्न तोंडपाठ होता, तरी तिनं तो आपल्या शब्दांत विचारला. "परत यायचा विचार आहे का गं?"

लेक हळूहळू सांगू लागली. ती गेली ते पगारासाठी नव्हे. इकडे सरकारी इस्पितळात असताना अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर असायचा. एकाला सलाईन लावताना पलीकडचा हाका मारत असायचा. एकदा तशी हाक मारता मारता एक आजोबा गेले. ती पोचली तेव्हा त्यांचा हात पलंगाच्या कठड्यावर होता. "हे तुला कधी सांगितलं नाही, कारण नर्सिंगला तू घातलंस ना. तुला लागलं असतं."

आईनं ते अहवालात घातलं नाही. घालायची गरजही नव्हती. ज्यांना ज्यांना फोन केले, त्यातल्या बहुतेकींनी हेच सांगितलं होतं. तिनं लिहिलं: आता कॉलेजच्या जागा वाढवू नका, वॉर्डातल्या वाढवा. साहेब कुरकुरले, पण दोन इस्पितळांत करून बघायचं ठरलं. तिथल्या मुली टिकल्या. पुढच्या पाहणीत परत आलेल्यांच्या रकान्यातही थोडी भर पडली. बैठकीत तिचं कौतुक झालं. ती हात जोडून उठली आणि जिन्यातल्या खिडकीपाशी जाऊन थांबली. त्या परत आलेल्यांत तिची लेक नव्हती.

त्याच आठवड्यात लेकीनं सांगितलं, तिकडे घर घेतलंय. आवाजात आनंद होता, आणि तो दाबायची धडपडही.

"छान झालं," आई म्हणाली. "उजेड येतो का? खिडक्या किती आहेत?"

लेक फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. आईनं चष्मा पुसला आणि फोनच्या पडद्याजवळ सरकून बसली. "सावकाश दाखव," ती म्हणाली. "मला घाई नाही."