लूम थांबल्यावर

आज दुपारी वीज गेली आणि नारपोलीतल्या आमच्या गल्लीतले कापड विणायचे सगळे लूम एकदम थांबले. इतरांना अशा शांततेत बरं वाटतं. मला मात्र ती नको वाटते.

नव्वद साली मी शाळेत होते. कुवेतमध्ये लढाई पेटली होती आणि माझा मामा तिथे वेल्डर होता. त्याची काहीच खबर नव्हती. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी शेजारच्या कारखान्याचे मालक, आमचे चाचा, मेन स्विच खाली ओढून ओरडायचे, "बंद करो सब, खबर सुनने दो!" खडखडाट थांबायचा, कानात मात्र वाजत राहायचा. अंगाला कापूस चिकटलेले कारागीर आमच्या दारात रेडिओभोवती जमायचे.

सरकारचं रोज एकच: आपली माणसं सुखरूप आहेत, काळजीचं कारण नाही.

"मग आनत का न्हाय परत?" कोणीतरी चिडून म्हणायचं.

एका संध्याकाळी मामीने तो रेडिओच दोन्ही हातांनी धरला. "एकाचं तरी नाव घे रे," ती त्याला म्हणाली. रेडिओशी काय बोलते, म्हणून मला हसू आलं होतं.

मामा कधीच परत आला नाही.

आज त्या शांततेत कुणाच्या तरी मोबाइलवर बातम्या लागल्या. आखातात पुन्हा लढाई आहे. सरकारं किती बदलली, पण आपली माणसं अजून सुखरूपच आहेत. खाटेवरच्या मामीला एरवी काही ऐकू येत नाही. हे आलं. तिने मान उचलली.

"नाव घेतलं का गं?"